चर्चा: सटवाईची बावडी

रात्री एक वाजून बारा मिनिटांनी
कुणीतरी सरदारीणबाईंना बावडीतून बाहेर काढलं.
एक वाजून चौदाला त्या परत आत.

मी जागीच होते, जनकगंजात, रजईखाली,
लॅपटॉप हीच शेगडी.
लेख सारा साडेसहा ओळींचा:
लष्करातली एक बावडी, तीन मजले खोल,
पाणी नाही, कबुतरं आहेत.
भांडण एका क्रियापदाच्या कर्त्याचं.
कोणी खणली?

‘लष्करवाला५७’ म्हणतात, यशोदाबाई सरदारीण यांनी,
नवरा लढाईत गेल्यावर, हातातल्या पाटल्या मोडून.
‘पाथरवट’ लिहितो, पाटल्यांनी दगड फुटत नसतो.
आमच्या बावीस जणांनी खणली,
त्यातले तीन वर आलेच नाहीत.

हा उलटवतो. तो उलटवतो.
कारणाच्या चौकटीत आधी ‘संदर्भ नाही’,
मग ‘खोडसाळपणा’, मग ‘परत तेच’,
शेवटी शेवटी नुसता पूर्णविराम.
अकरा वेळा. नियम तिनाचा आहे.

मी वीज मंडळातून निवृत्त, हिशेब खातं.
सदस्यनावही तेच घेतलं, ‘वीजमंडळ’;
अजून कुणी कुणी येऊन
मीटर पळतं म्हणून तक्रार टाकून जातं.
पण फ्यूज कधी काढायचा ते कळतं मला.
पानाला कुलूप घातलं, तीन दिवसांचं,
आणि नेमक्या तेव्हा बाई आत होत्या.
पाथरवटनं लिहिलं, ‘काकू, तुम्हीपण त्यांच्याच.’
मी बाई आहे हे त्याला कसं कळलं, कोण जाणे.

तिसऱ्या दिवशी टेम्पो धरून गेलेच.
चहावाला म्हणाला, “बावडी? कचरा डालना है?”
एकोणतीस पायऱ्या उतरून, चुन्याखाली,
एक ओळ बोटांना लागली.
सालातला अर्धा आकडा, मग खपली उडालेली,
मग नुसतं ‘...ाई’.
बाई असेल. भाई असेल.
सटवाईसुद्धा असू शकेल,
ती कपाळावर लिहिते तिथे
उलटवायची कळ नसते.

सगळ्यात खालच्या पायरीला घागरीनं पडलेला खळगा.
हात ठेवला, बरोबर बसला.

आणि हे लिहिता येत नाही.
स्वतः पाहिलेलं चालत नाही, चाचपलेलं तर नाहीच,
आधी कुणीतरी छापलेलं लागतं.
त्या नियमाच्या बाजूनं मीच मत दिलं होतं.

घरी येऊन वाक्यं बसवत राहिले.
‘असे मानले जाते’: कोण मानतं?
‘मतभेद आहेत’: ते तर अख्ख्या लष्करला माहीत.
मग दोघांना चर्चापानावर बसवलं. म्हटलं,
समोरच्याचं काय चुकलं ते राहू द्या,
तुमच्याकडे काय आहे ते ठेवा.

लष्करवाल्यांनी छापील दानपत्राचं पान ठेवलं,
रक्कम आण्यापैसह.
पाथरवटनं समाजमेळाव्याची स्मरणिका,
मंगल कार्यालयाच्या जाहिरातीखाली बावीस नावं,
तिघांपुढे फुली.
आठवडाभर कुणीच काही बोललं नाही.
मला वाटलं, गेले दोघंही.

रविवारी दुपारी लष्करवाल्यांनीच लिहिलं:
खर्च यशोदाबाईंचा, काम बेलदारांचं, खाली दोन्ही संदर्भ,
आणि शेवटी, घाईत असावेत,
‘खणताना तिन मजुर दगावले.’

सहा मिनिटांनी पाथरवट आला.
माझा हात कुलपावर.
त्यानं ‘तिन’चं ‘तीन’ केलं,
‘मजुर’चं ‘मजूर’,
आणि गेला.

त्याला आता पाच महिने झाले.
परवा लष्करवाल्यांनी विचारलं,
‘तो भांडकुदळ हल्ली दिसत नाही. बरा आहे ना?’
मला काय ठाऊक.
मी इतिहास उघडून पाहिला. तिथे एवढंच आहे:
पाथरवट, छोटा बदल,
शून्य बाइट.